दारातली चिंच आणि सदतीस घरटी: एका बगळ्यांच्या वसाहतीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाव उजनीच्या फुगवट्याच्या काठावरचं, पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांच्या शिवेजवळचं. गावाचं नाव देत नाही आणि माणसांची नावंही बदलली आहेत. भीमेवरचं धरण 1980 मध्ये पुरं झालं. त्याआधी जुनं गावठाण उठलं आणि लोक वर माळावर येऊन राहिले. बापूंच्या वडिलांनी नव्या घराचा पाया घातला त्याच वर्षी दारात चिंच लावली. म्हणजे झाड बापूंपेक्षा दहा-बारा वर्षांनीच लहान. तिच्याखाली गोठ्याची पडवी, गव्हाण, पाण्याचा हौद, माईंची बाज आणि दर श्रावणात सात दिवसांच्या पारायणाचा मांडव. घराचा निम्मा संसार या सावलीतच चालतो.

घरात बापू (58), त्यांची आई माई (ऐंशीच्या पुढे, जुना दमा), बापूंची बायको आणि पुतण्या संतोष. दोन म्हशी, एक जर्सी, बाकी ऊस. संतोष माझा जुना विद्यार्थी. मी तालुक्याच्या गावी शाळेत शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी पक्षी मोजतो. एवढ्याच ओळखीवर मी या प्रकरणात ओढला गेलो.

धरणाच्या पाण्यात मासळी आली आणि मासळीमागे बगळे. त्यांची वीण होत असे ती काठावरच्या वेड्या बाभळींवर. 2021 च्या पावसाळ्यात बापूंच्या चिंचेवर चार-पाच घरटी दिसली, 2022 मध्ये दहा-बारा. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. 2023 च्या उन्हाळ्यात काठावरच्या बाभळी कोळशाच्या भट्टीसाठी सपाट झाल्या. जूनच्या शेवटी बगळे आले आणि थेट चिंचेवर उतरले. 16 जुलैला मी गच्चीवरून मोजली तेव्हा सदतीस घरटी होती. बहुतेक गायबगळ्यांची (विणीच्या दिवसांत डोकं आणि मान केशरी होते, त्यामुळे चटकन ओळखू येतात), काही छोट्या बगळ्यांची, शेंड्याकडे रातबगळे, आणि एका फांदीवर छोट्या पाणकावळ्यांच्या दोन जोड्या. अशा मिश्र वसाहतीला अभ्यासक सारंगागार म्हणतात. माईंचा शब्द वेगळा होता, तो इथे लिहीत नाही.

अडचण नेमकी काय होती

शहरातल्या पक्षीप्रेमींना हा भाग कळत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. सारंगागार लांबून पाहायला देखणं असतं. खाली राहायचं असेल तर गोष्ट निराळी.

पहाटेपासून पांढऱ्या शिटांचा सडा पडत होता. हौदाच्या पाण्यावर साय धरावी तसा थर यायचा. पिल्लांना भरवताना चोचीतून सुटलेले मासे आणि बेडूक खाली पडून सडायचे. त्यावर माशा, आणि माश्यांमागे गावातली कुत्री. म्हशी गव्हाणीतल्या वैरणीला तोंड लावेनात. दोरीवर कपडे वाळत घालणं बंद झालं. रातबगळ्यांचं क्वॉक क्वॉक अंधार पडला की सुरू होई आणि त्याच वेळी गायबगळ्यांची घशातली घरघर. संतोष म्हणाला, "सर, वर कुणीतरी रात्रभर गुळण्या करतंय असं वाटतं."

खरी धास्ती माईंची होती. वाळलेली शीट खराट्याने झाडली की पांढरी धूळ उडे आणि त्यांची धाप वाढे. दोनदा रात्री तालुक्याला दवाखान्यात न्यावं लागलं. त्यात संतोषला 2021 च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंबा गावात बर्ड फ्लूने कोंबड्या मेल्या होत्या ते आठवलं आणि घरात त्याच विषयावर बोलणं सुरू झालं.

शेजारचे आप्पा आणखी तापलेले. झाडाची एक बाजू त्यांच्या पत्र्यावर येते. "तुमचं झाड, तुमचे बगळे, आणि घाण माझ्या पत्र्यावर," हे त्यांचं म्हणणं. तहसीलदारांकडे 133 खाली अर्ज टाकतो, असंही त्यांनी सुनावलं होतं. सार्वजनिक उपद्रव हटवण्याच्या आदेशाचं फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ते कलम. जुलै 2024 पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 मध्ये आहे.

16 जुलैची सकाळ

रविवार होता. दुसऱ्या दिवशी अमावस्या, म्हणून बापूंनी आदल्या दिवशीच काम उरकायचं ठरवलं. दोर, कुऱ्हाडी आणि पेट्रोलवरची करवत घेऊन तीन माणसं आली. बापूंच्या हातात ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला होता, शिक्क्यासह. त्यांच्या मते सगळं रीतसर होतं.

संतोषने मला सकाळी सातला फोन केला. तो झाड तोडू नका म्हणण्यासाठी नव्हता, "तोडताना पिल्लं पडली तर काय करायचं?" हे विचारण्यासाठी होता. मी म्हणालो, मी येईपर्यंत वर कुणाला चढू देऊ नका. पोहोचायला तास लागला आणि तोवर एक जण चढला होता. मात्र तो स्वतःच अर्ध्यातून खाली आला. हाताच्या अंतरावर फिकट निळी अंडी बघितली आणि बापूंना म्हणाला, "मालक, वर भरलेली घरं आहेत. मी हात लावणार नाय." मजुरी बुडणार हे माहीत असून तो उतरला. या सगळ्या प्रकरणातला पहिला शहाणपणाचा निर्णय त्याचा, माझा नव्हे.

मग चिंचेखालीच वाद सुरू झाला. बापूंचा सवाल सरळ होता: "झाड माझं, जागा माझी, पंचायतीचा कागद आहे. अजून कुणाला विचारायचं?"

कायदा काय म्हणतो

ग्रामपंचायतीच्या दाखल्याने इथे काहीच भागत नव्हतं, कारण दोन निरनिराळे कायदे लागू होते आणि दोन्हींत परवानगी देणारा अधिकारी पंचायतीबाहेरचा.

पहिला कायदा झाडाचा. नगरपालिका-महापालिका हद्दीत 1975 चा झाडांच्या जतनाचा कायदा चालतो. खेड्यात महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964. त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, जांभूळ, साग, मोह, हिरडा, खैर अशी सोळा नावं आहेत आणि त्यात चिंच आहे. म्हणजे स्वतःच्या दारातली चिंचही वृक्ष अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय तोडता येत नाही.

दुसरा कायदा पक्ष्यांचा आणि तो जास्त कडक: वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972. बगळे, ढोकऱ्या, पाणकावळे पूर्वी त्याच्या चौथ्या अनुसूचीत होते. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, सहाच्या चार अनुसूच्या झाल्या आणि हे पक्षी दुसऱ्या अनुसूचीत आले. याच दुरुस्तीत उपद्रवी प्राण्यांची जुनी पाचवी अनुसूचीही गेली. त्यात कावळा होता. "कावळ्याला मारलं तर चालतं" असं गावात अजून सांगतात त्याचं मूळ तिथे. आता तो आधारही उरलेला नाही.

गोम आहे ती "शिकार" या शब्दाच्या व्याख्येत. बंदूक घेऊन रानात गेलं म्हणजेच शिकार, अशी आपली समजूत. कलम 2(16) मध्ये मारणं, विष घालणं, पकडणं, सापळा लावणं हे आहेच, शिवाय पक्ष्यांच्या बाबतीत अंडी फोडणं आणि अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावणं हेसुद्धा शिकारीत धरलं आहे. तेव्हा घरट्यांसकट फांदी उतरवली तर वृक्षतोडीची परवानगी खिशात असली तरी गुन्हा होतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

संतोषला हे पटेना, तेव्हा मी त्याला केरळची गोष्ट सांगितली. 2022 च्या सप्टेंबरात मलप्पुरम जिल्ह्यात महामार्गाच्या रुंदीकरणासाठी घरट्यांनी भरलेलं झाड पाडलं. पिल्लं रस्त्यावर आपटून मेली, त्याची चित्रफीत देशभर फिरली आणि वनखात्याने गुन्हा नोंदवला. रस्त्याचं काम सरकारीच होतं.

बापूंनी यावर चांगला प्रश्न केला. "डुकराला मारायची परवानगी मिळते, रोह्याला (नीलगायीला) मिळते, मग बगळ्याला का नाही?" कलम 11 मध्ये दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला, उभ्या पिकालासुद्धा, धोकादायक झाला असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी परवानगी देऊ शकतो. रानडुकरांच्या परवानग्या याच वाटेने येतात. कागदावर वाट बगळ्यांनाही बंद नाही. पण शीट आणि वास याला जिवाचा धोका ठरवून, अंड्यांवरचे पक्षी हटवायची सही कोण करेल? आणि करायची म्हटली तरी कारणं लेखी देऊन, तपासणी करून. तोवर पिल्लं उडून गेलेली असतात.

समोर असलेले मार्ग

त्या दुपारी चहा घेत आम्ही एकेक मार्ग तपासला.

फटाके. आप्पांचा मुलगा आदल्या आठवड्यात दोनदा सुतळी बॉम्ब लावून बसला होता. पक्षी उठले, घिरट्या घातल्या आणि दहा मिनिटांत परत आले. घरट्यात अंडी असली की बगळा सहजासहजी जागा सोडत नाही. सोडलीच तर अंडी थंड पडतात किंवा कावळे फोडतात, म्हणजे कायद्याच्या भाषेत पुन्हा घरट्याला धक्का. गोफण आणि छऱ्याची बंदूक तर बोलायलाच नको.

विष घातलेले मासे. हे कुणीतरी दबक्या आवाजात सुचवलंच, दर गावात कुणीतरी सुचवतं. हौद, म्हशी, कुत्री, घारी आणि उद्या एखादं पोर, ही साखळी बापूंनीच बोटांवर मोजली आणि विषय संपवला.

झाडावर वरून नायलॉनची जाळी. दिसायला अहिंसक, प्रत्यक्षात सगळ्यांत क्रूर. पक्षी पंख अडकून लोंबकळत मरतात, आणि आत घरटी असताना ती सरळ सापळाच ठरते.

थांबणं. गायबगळ्याची अंडी उबायला तीन ते साडेतीन आठवडे लागतात आणि पिल्लू उडायला साधारण आणखी महिना. सगळी घरटी एकाच दिवशी लागत नाहीत, त्यामुळे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत हे चालणार असा हिशेब निघाला. म्हणजे दोन महिने. माईंकडे बघत हे बोलणं सोपं नव्हतं.

मी उत्साहाच्या भरात कर्नाटकातल्या कोक्करे बेल्लूरचं उदाहरण दिलं. मंड्या जिल्ह्यातलं ते गाव, जिथे चित्रबलाक (रंगीत करकोचे) आणि झोळीवाले (पेलिकन) दारातल्या चिंचांवर वीण घालतात, लोक त्यांना गावची लेकरं मानतात आणि शीट शेताला घालतात. बापू म्हणाले, "तिथं झाडाच्या मालकाला फॉरेस्ट पैसे देतं ना? मग आम्हाला काय देणार, शाबासकी?" उत्तर नव्हतं. इंदापूरच्या तहसील कचेरीतल्या झाडांवर चित्रबलाकांची घरटी असतात हे बापूंनी स्वतः पाहिलेलं, तेवढ्यावर मात्र ते जरा हसले. "साहेबांच्या गाड्यांवर पडतं तरी साहेब गप बसतात, म्हणजे कायदा खराच कडक असणार."

कुऱ्हाडवाल्यांना निम्मी मजुरी देऊन परत पाठवलं. बापूंनी अट घातली: आता थांबतो, पण पुढल्या वर्षी हे दारात नको, त्याची वाट तुम्ही दाखवायची. मी हो म्हणालो. हो म्हणताना मला वाट माहीत नव्हती.

प्रत्यक्षात काय केलं

1926 या वनखात्याच्या हेल्पलाइनवर नोंद केली. दोन दिवसांनी वनरक्षक आले, घरटी पाहिली, पंचनाम्यासारखं टिपण केलं. त्यांचा खरा उपयोग वेगळाच झाला. ते आप्पांच्या ओट्यावर अर्धा तास बसले. गणवेशातल्या माणसाने "हे बापूंच्या हातात नाही, माझ्याही नाही" असं सांगितल्यावर आप्पांचा अर्ज खिशातच राहिला. हेच मी आठवडाभर सांगत होतो, पण मास्तरचं कोण ऐकतं.

मग झाडाला हात न लावता खालचा संसार हलवायला सुरुवात केली. गव्हाण गोठ्याच्या मागच्या बाजूला नेली. हौदावर पत्र्याचं झाकण बसवलं. ही दोन कामं एका दिवसात झाली आणि निम्मी कटकट तिथेच गेली. ती पहिल्याच आठवड्यात का सुचली नाहीत? राग झाडाकडे बघत होता, हौदाकडे नाही.

मधल्या जागेवर आच्छादन घालायला तीन प्रयत्न लागले. पहिली ताडपत्री सपाट ताणली. पाणी साचून तिचं पोट सुटलं आणि तिसऱ्या दिवशी वाऱ्याने ती पतंगासारखी आप्पांच्या अंगणात गेली. दुसऱ्या वेळी शेडनेट लावलं. ते वाऱ्याला टिकलं, पण पातळ शीट गाळणीतून गळावी तशी खाली. शेवटी संतोषने दोन्ही एकत्र केलं. वर शेडनेट, त्याच्या हातभर खाली उतरती ताडपत्री, कण्याला जुना पीव्हीसी पाइप, आणि उताराच्या टोकाला अर्धा चिरलेला पाइप पन्हळ म्हणून. पावसाने घाण धुऊन पन्हळीतून एका खड्ड्यात जाऊ लागली. शेडनेट, दोरी आणि बांबू मिळून साडेचार हजारांच्या आत खर्च आला, ताडपत्री घरचीच होती.

शेडनेटचा एक फायदा आम्ही योजलेला नव्हता. वरून पडणारी पिल्लं त्यावर अडकत, जमिनीवर कुत्र्यांच्या तोंडी जात नसत. पण जाळीवर पडलेल्या पिल्लाला आईबाप भरवत नाहीत, ते घरट्यातल्यालाच भरवतात. वनरक्षकांना विचारून संतोषने खालच्या बेचक्यात वेताची पाटी बांधली आणि धडधाकट पिल्लं तिच्यात ठेवली. नऊ ठेवली, त्यातली चार फांद्यांवर चढून गेलेली दिसली. बाकीची मेली. दाट वसाहतीत पिल्लं पडून किंवा उपासाने मरणं हे नेहमीचंच असतं, पण सांगून कुणाचं समाधान होत नाही. पिल्लू पडलं की बापूंची बायको त्या दिवशी जेवायला बसायची नाही.

माईंसाठी दोन नियम केले. कोरडा खराटा बंद: आधी पाणी शिंपडायचं, मग फावड्याने ओढायचं, तोंडाला मास्क, हातात मोजे, पायात गमबूट. आणि माईंची बाज घराच्या मागच्या पडवीत. दुसऱ्या नियमाला माईंनी आठ दिवस दाद दिली नाही. "माझ्या घरधन्याने लावलेल्या झाडाखालनं मला बगळे उठवणार?" मग एके सकाळी स्वतःच पांघरूण उचलून मागे गेल्या.

बर्ड फ्लूबद्दल वनरक्षकांनी साधी खूण सांगितली. झाडाखाली पिल्लं मेलेली सापडणं हे विणीतलंच. मोठे पक्षी एकापाठोपाठ मरू लागले, किंवा कावळे आणि कोंबड्याही मरू लागल्या, तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. तशी वेळ आली नाही. पुढे 2025 च्या जानेवारीत उदगीरमध्ये बर्ड फ्लूने कावळे मेल्याची बातमी आली तेव्हा संतोषने फोन करून हीच खूण मला परत ऐकवली.

पहिल्या वर्षाचा निकाल

त्या वर्षी अधिक श्रावण आला. 18 जुलैपासून महिनाभर अधिक, आणि निज श्रावण थेट 17 ऑगस्टला सुरू. पारायण निज श्रावणातच करायचं असल्याने महिना आपोआप पुढे ढकलला गेला. तरी मांडवाचा प्रश्न होताच. बापूंचा जीव त्यात अडकलेला, तीस-पस्तीस वर्षांत पारायण चिंचेखालून हललं नव्हतं. शेवटी ते मारुतीच्या देवळात झालं आणि गर्दी नेहमीपेक्षा जास्त झाली. ते आपल्या दारात झालं नाही ही बोच बापूंना अजून आहे, आणि मला ती समजते.

गणपतीच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, झाडावर उशिरा लागलेली तीन-चार घरटीच उरली होती. ऑक्टोबरात झाड मोकळं. पानं करपली होती आणि खालच्या जमिनीत गवतसुद्धा उगवेना.

छाटणी आणि दुसरं वर्ष

बगळ्यांचा त्रास पावसाळ्यात होतो, पण हालचालीला वाव असतो तो उरलेल्या नऊ महिन्यांत. रिकाम्या झाडाला वन्यजीव कायदा अडवत नाही, फक्त वृक्षतोडीचा कायदा राहतो. बापूंनी नोव्हेंबरात अर्ज दिला. तोवर झाड पाडायचा विचार मागे पडला होता. उन्हाळ्यात सावली कुठून आणणार, हा माईंचा एकच प्रश्न पुरेसा झाला. अंगणावर येणाऱ्या फांद्याच उतरवायच्या होत्या. छाटणीलाही परवानगी लागते का, यावर गावात दहा मतं. कार्यालयातून सल्ला मिळाला की अर्ज द्याच, पुढे कुणी तक्रार केली तर कागद कामाला येईल. सातबारा, झाडाचे फोटो, घरटी रिकामी असल्याचं वनरक्षकांचं टिपण, असं सगळं जोडलं. परवानगी फेब्रुवारी 2024 मध्ये हातात आली आणि छाटणी मार्चच्या पहिल्या आठवड्यात झाली.

इथे आमची चूक झाली. ठरल्या होत्या अंगणावरच्या पाच फांद्या. करवत चालू झाल्यावर हात थांबेना. पश्चिमेची निम्मी चिंच साफ झाली, आणि आप्पांच्या बाजूच्या फांद्याही "लगे हाथ" गेल्या. आप्पा खूश. मी त्या दिवशी तिथे नव्हतो.

मे अखेरीस बगळे जागा बघायला येऊ लागले. घरटं किंवा अंडं नसताना चमकणाऱ्या पट्ट्या बांधणं, झाडाखाली वावर ठेवणं, फांदीवर बसलेल्याला टाळी वाजवून उठवणं, याला वनरक्षकांची हरकत नव्हती. त्यांची अट एकच: पहिली काडी पडली की सगळं बंद. व्याख्येत "हाकणं" हाही शब्द आहे हे मी त्यांना दाखवलं. ते म्हणाले, तो शिकारीचा हाका आहे सर, ज्वारीवरची पाखरं हाकणारा त्यात धरला तर अख्खा तालुका आत जाईल. तरीही आम्ही ते त्यांना सांगूनच केलं.

जूनअखेर चिंचेवर फक्त अकरा घरटी लागली, सगळी पूर्वेला, उकिरड्याच्या बाजूला. बापूंचं अंगण स्वच्छ. आणि बाकीचे बगळे? ते आप्पांच्या परसातल्या कडुनिंबावर बसले. एका शनिवारी आप्पांनी मला फोनवर जे सुनावलं त्यातलं छापण्याजोगं वाक्य एवढंच: "बापूंची पीडा काढून माझ्या दारात आणून बांधली, मास्तर."

आप्पांच्या आणि बापूंच्या घरांत तो पावसाळाभर बोलणं नव्हतं. गौरींच्या जेवणाची बोलावणीही गेली नाहीत. बगळ्यांपेक्षा हे नुकसान मोठं होतं.

आज काय वेगळं केलं असतं

सगळ्यांत आधी, छाटणीपूर्वी आप्पांच्या घरी जाऊन बसलो असतो. बगळे हवेत विरून जात नाहीत, ते शंभर पावलांच्या आत दुसरं झाड शोधतात. हे मला माहीत होतं. बापूंना दिलेला शब्द पाळायच्या नादात ते मी बोललो नाही. प्रश्न एका दाराचा समजून सोडवला, तो निघाला वस्तीचा.

दुसरं, फांद्यांवर रंगाने खुणा करून, त्या वनरक्षकांसमोर मोजून, मगच करवत चालू करायला हवी होती. पूर्वेबरोबर वायव्येच्या दोन फांद्या ठेवल्या असत्या तर कडुनिंबावर एवढी गर्दी झाली नसती असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही.

तिसरं, मुळाशी बाभळी होत्या. काठावरची वेडी बाभूळ परदेशी, उपद्रवी, तिच्या बाजूने बोलायला मलाही अवघड जातं. पण ती निघाली तेव्हा तिच्यावरचे बगळे कुठे जाणार हे कुणीच विचारलं नाही. भट्टीवाल्याने विचारलं नाही, पंचायतीने नाही, आणि दर रविवारी त्याच काठावर दुर्बीण घेऊन उभा असणाऱ्या मीसुद्धा नाही.

ग्रामपंचायतीच्या त्या दाखल्याबद्दलही एक. तो देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. माणूस अडचणीत आहे, कागद मागतो, दिला. पण त्या शिक्क्यामुळे बापूंना वाटलं की आता विचारायचं काही उरलं नाही. दाखल्यावर "वनविभागाच्या परवानगीस अधीन" एवढे शब्द असते तरी 16 जुलैची सकाळ टळली असती.

सध्याची स्थिती

कडुनिंब 1964 च्या कायद्याच्या यादीत नाही. म्हणजे आप्पांना छाटणीसाठी त्या कायद्याखाली परवानगी लागत नव्हती, घरटी रिकामी असणं एवढीच अट. 2024 च्या डिसेंबरात दोन्ही घरं, वनरक्षक आणि मी असे चौघे-पाच जण कडुनिंबाखाली बसलो. आप्पांच्या पत्र्यावरच्या फांद्या काढायच्या, परसाकडच्या ठेवायच्या, आणि चिंचेच्या पूर्वेला कुणी हात लावायचा नाही, असं ठरलं. फांद्यांना चुन्याच्या खुणा या वेळी आधी केल्या.

2025 च्या पावसाळ्यात चिंचेवर एकोणीस आणि कडुनिंबावर चौदा घरटी मोजली. पन्हळीच्या खड्ड्यातली घाण शेणखतात कुजवून बापू उसाच्या सरीत घालतात. ताजी घातली तेव्हा एक सरी पिवळी पडली होती, म्हणून आता वर्षभर मुरवतात. दोन पाट्या आप्पांच्या डाळिंबालाही जातात. पारायण देवळातच होतं. माईंची बाज मे महिन्यात चिंचेखाली असते आणि पहिला केशरी डोक्याचा बगळा दिसला की त्या स्वतःच संतोषला हाक मारतात, "उचल रे, पाहुणे आले."